रोगास दाद न देणारा घास : नव्या वाणाची निवड, कसोटी आणि दाखला

पौष-माघाच्या दिवसांत पहाटे उजनीच्या फुगवट्यावरून भिगवणच्या शिवारात जे धुके पसरते, ते रोहित पक्षी पाहावयास आलेल्या पाहुण्यास मोठे रमणीय वाटते. परंतु ज्याच्या गोठ्यात चार दुभत्या गाई आहेत आणि विहिरीच्या कडेला पंधरा-वीस गुंठे घास आहे, अशा शेतकऱ्याच्या मनात तेच धुके उतरले की घालमेल सुरू होते. दहा वाजेपर्यंत पानांवरचे दव हटत नाही, ऊन कोवळे असते, वारा पडलेला असतो. आणि अशा आठ-दहा सकाळी लागोपाठ गेल्या की घासाचे शेंडे फिकट पडतात, पाने कडांशी मुडपतात, आणि एखादे पान उलटून डोळ्यांजवळ धरले तर त्याच्या खालच्या अंगास करड्या-जांभळट रंगाची, बोटाने पुसली जाईल अशी मऊ लव दिसते. हाच घासावरचा केवडा. इंदापूरकडचे द्राक्षबागायतदार ज्यास ‘डाऊनी’ म्हणतात त्याचाच हा भाऊबंद. मात्र द्राक्षावरची बुरशी घासावर येत नाही आणि घासावरची द्राक्षावर जात नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पुस्तकात ज्यास लसूणघास किंवा ल्यूसर्न म्हणतात, कोणी पानाच्या आकारावरून मेथीघास म्हणतात, त्यास आमच्याकडे नुसते ‘घास’ म्हटले की पुरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावा, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी घ्यावी, आणि पुढे पंचवीस ते तीस दिवसांनी विळा लावीत तीन वर्षे तोच ताटवा राखावा, असा त्याचा शिरस्ता आहे. वाळल्या वैरणीत याच्याइतकी प्रथिने क्वचितच आढळतात. शेकडा अठरा-वीस हे प्रमाण सहज भरते. म्हणूनच या भागातील दूधधंद्याचा पुष्कळसा भार या लहानशा त्रिदली पानाने उचललेला आहे.

आता, रोग आला म्हणजे फवारा मारावा, हा उपाय द्राक्षाच्या बागेत चालतो. घासात चालत नाही. जे पीक दर महिन्यास कापून त्याच दिवशी गाईच्या मुखात जाते आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या रूपाने लेकराच्या पेल्यात येते, त्यावर औषध मारावयाचे आणि त्याचा अंश उतरण्याची मुदत पाळावयाची, तर कापणीची वेळ टळते आणि गोठा उपाशी राहतो. प्रतिकाराची शक्ती बियाण्यातच असली पाहिजे. आणि ती बियाण्यात कशी आणावी, आणल्यावर ती आहे हे कोणी व कसे ठरवावे, याविषयी बीजोत्पादनाच्या उद्योगात पडू इच्छिणाऱ्या तरुण शेतकऱ्यांस व कृषी-पदवीधरांस उपयोगी पडेल असे काही सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. गव्हाचे एखादे वाण तांबेऱ्यास प्रतिकारक आहे असे म्हटले की त्या शेतातील प्रत्येक ताट प्रतिकारक असते, कारण गहू स्वतःच्याच परागाने फळतो आणि सारी ताटे एकमेकांची प्रतिकृती असतात. घासाचे तसे नाही. घासाच्या निळ्या-जांभळ्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर यांची एक दांडी खालच्या पाकळ्यांत स्प्रिंगेसारखी दाबून बसवलेली असते; मधमाशी त्या पाकळीवर टेकली की दांडी ताडकन उसळून तिच्या अंगावर आपटते, आणि तिने दुसऱ्या झाडावरून आणलेला पराग तिथे लागतो. वाचकांनी फुलाच्या तळाशी नखाने हलकेच दाबून हा प्रकार स्वतः पाहावा. एकदा उसळलेले फूल पुन्हा मिटत नाही. अशा रीतीने प्रत्येक दाणा दोन निराळ्या झाडांचा वारसा घेऊन येतो, आणि घासाचे ‘वाण’ म्हणजे वस्तुतः एक मोठा गोतावळा असतो, ज्यात कोणतीही दोन झाडे तंतोतंत सारखी नसतात.

यावरून असे निघते की घासाच्या बाबतीत ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द एका प्रमाणाचा वाचक आहे. अमेरिकेत हे पीक फार मोठ्या क्षेत्रावर होते, आणि तेथील तज्ज्ञांनी यासाठी स्पष्ट पायऱ्या ठरवून दिल्या आहेत : शंभरांपैकी पाचपर्यंत झाडे प्रतिकारक निघाली तर वाण रोगास बळी पडणारे, ६ ते १४ निघाली तर अल्प प्रतिकारक, १५ ते ३० मध्यम, ३१ ते ५० निघाली तर ‘प्रतिकारक’, आणि निम्म्याहून अधिक निघाली तरच ‘अतिप्रतिकारक’. प्रथम वाचनी हे पाहून आश्चर्य वाटते, कारण शंभरांतील साठ झाडे रोगास बळी पडणारी असूनही त्या वाणास प्रतिकारक म्हणण्याची मुभा येथे आहे. परंतु दाट पेरलेल्या ताटव्यात चाळीस सशक्त झाडे फुटवे काढून जागा भरतात आणि शेजाऱ्यांमधली रोगाची वाट अडवितात, हा अनुभव त्या आकड्यामागे आहे. म्हणून कोणी विक्रेता पिशवीवरील ‘रोगप्रतिकारक’ हा शब्द दाखवील, तर त्यास नि:संकोच विचारावे की कोणत्या रोगास, आणि शेकडा किती.

आता निवडीकडे वळू. नव्या वाणाचा आरंभ प्रयोगशाळेत होण्यापूर्वी जुन्या ताटव्यात होतो. ज्या शेतात घास तीन-चार वर्षे सारखा उभा आहे, मधली पुष्कळ झाडे मेली आहेत आणि तरी काही ठोंब अजून जोमाने फुटत आहेत, तेच आपले पहिले दप्तर. अमेरिकेत १९५४ साली ठिपकेदार मावा नावाची कीड न्यू मेक्सिकोत आढळली आणि तिने पाहता पाहता घासाची शेते फस्त केली, तेव्हा नेवाडा प्रांतात ‘आफ्रिकन’ नावाच्या वाणाच्या ताटव्यांतून वाचलेली अवघी नऊ झाडे निवडून त्यांच्यापासून ‘मोआपा’ हे वाण तयार करण्यात आले व ते १९५७ साली प्रसृत झाले. हे उदाहरण धीर देणारे आहे. तथापि नऊ झाडांवर भागविण्याचा मोह आपण धरू नये. घासात जवळच्या नात्यातील संकर झाला की उत्पन्न झपाट्याने खालावते, म्हणून निदान पन्नास-साठ झाडे, आणि तीही चार-पाच गावांच्या शिवारांतून, गोळा करावीत.

येथे नजर चोख हवी. फुगवट्यालगतच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबते आणि मूळकूज व मर हे रोग घासास खातात. अशा शेतात बांधाच्या उंचवट्यावरचे झाड टवटवीत दिसले तर त्याचे श्रेय निचऱ्यास द्यावयाचे, त्याच्या रक्तास नव्हे. खोलगट भागात, मेलेल्या झाडांच्या मध्ये जे उभे आहे, ते घ्यावे. खोदून काढल्यावर सोटमूळ वरच्या बाजूस आडवे छेदून पाहावे : आतला भाग स्वच्छ पांढुरका असला तर ठीक, तपकिरी कडे किंवा डाग दिसला तर झाड वरून कितीही हिरवे असो, ते टाकून द्यावे. निवडलेल्या झाडास बांबूची खुंटी व क्रमांकाची पट्टी लावावी आणि वहीत शेताचा गट नंबर, ताटव्याचे वय, जमिनीचा प्रकार व मूळ बियाणे कोठून आणले होते याची नोंद त्याच दिवशी करावी. पुढे जेव्हा दरखास्त लिहावयाची वेळ येते तेव्हा याच नोंदीची रुजुवात मागितली जाते, आणि आठवणीने लिहिलेली कैफियत तेथे टिकत नाही.

एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे. घासाच्या कोवळ्या खोडाचा पेरासकट दोन बोटे लांबीचा तुकडा ओल्या वाळूत लावला तर त्यास मुळे फुटतात, आणि एकाच झाडाच्या दहा हुबेहूब प्रती मिळतात. त्या निरनिराळ्या ठिकाणी लावून पाहिल्या की झाडाचा गुण कोणता आणि जागेचा प्रभाव कोणता, हे वेगळे करता येते.

मग कसोटी. केवड्याची बुरशी जिवंत पानावाचून वाढत नाही, त्यामुळे ती बाटलीत साठवून ठेवता येत नाही. रोगट झाडेच जोपासावी लागतात. निवडलेल्या झाडांचे बी पसरट तासांत पेरावे, आणि सातव्या-आठव्या दिवशी, दोन्ही दले नुकती उघडली असताना, लव असलेली रोगट पाने थंड पाण्यात खळबळून ते पाणी मलमलीतून गाळून रोपांवर बारीक फवारावे. त्या रात्री तासे झाकून थंड व दमट ठेवावीत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हवाच ते काम करते. नंतर पाच-सहा दिवस उघडी ठेवून पुन्हा एक रात्र झाकावीत, आणि सकाळी भिंगाने एकेक रोप पाहून लव असलेली व नसलेली रोपे मोजावीत. परंतु प्रत्येक तासात एक ओळ रोगास हटकून बळी पडणाऱ्या वाणाची व एक ओळ प्रतिकारक म्हणून ठाऊक असलेल्या वाणाची असलीच पाहिजे. पहिल्या ओळीवर रोग आला नाही, तर त्या दिवशीची सारी कसोटी रद्दबातल समजावी, मग आपली रोपे कितीही निरोगी दिसोत. त्याचप्रमाणे बुरशीचेही अनेक वंश असतात. केवळ भिगवणच्या पानांवरून बी तपासून न थांबता बारामती, दौंड, राहुरी अशा निरनिराळ्या ठिकाणच्या रोगट पानांशी ते भिडवावे.

निरोगी राहिलेली रोपे जाळीच्या मंडपात लावावीत, आत मधमाश्या सोडाव्यात, आणि त्यांचा आपापसांत संकर होऊ द्यावा. प्रत्येक झाडाचे बी निराळे काढून सारख्या वजनाने मिसळावे, म्हणजे भरघोस बी देणाऱ्या एखाद्या झाडाचेच वर्चस्व होणार नाही. या मिश्रणावर पुन्हा तीच कसोटी, पुन्हा निवड, पुन्हा संकर. असे तीन-चार फेरे होतात. इतका उशीर का, असे अनेक जण विचारतात. घासाच्या पेशीत प्रत्येक वंशगुणाच्या दोनऐवजी चार प्रती असतात, हे त्याचे कारण. प्रतिकाराचा प्रभावी गुण चारांपैकी एकाच प्रतीत असला तरी रोप निरोगी दिसते; पण अशा दोन रोपांच्या संततीत चौथा हिस्सा रोगट निघतो. दोन प्रती असलेल्या झाडांचा संकर झाला तर छत्तीसांत एकच रोगट निघते. वरून दोन्ही झाडे सारखीच हिरवी; भेद उघड होतो तो पुढच्या पिढीत. म्हणून पहिल्याच फेऱ्यानंतर ‘वाण तयार झाले’ असे जाहीर करण्याची घाई हा या कामातील सर्वांत घातक दोष होय.

येथवरचे काम जिद्दीच्या शेतकऱ्यास शक्य आहे. यापुढे संस्थेचा हात धरावा लागतो. आपले भाग्य असे की ज्या संस्था या पिकाशी संबंधित आहेत त्या आपल्या उंबरठ्यावर आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात आरंभीचा सल्ला मिळतो; माळेगाव खुर्द येथे २००९ सालापासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, आणि चोपण-खारवट जमिनीत आपले वाण कसे वागते हा प्रश्न तिच्याच कक्षेत येतो. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘बाएफ’ची उरुळीकांचन येथील शाखा तर भिगवणच्याच लोहमार्गावर, दौंडच्या पलीकडे आहे. चारापिकांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र उरुळीकांचन येथेही आहे आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही आहे. या प्रकल्पाची सूत्रे झाशीच्या भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेकडे असतात. महाराष्ट्रात आज ज्या बहुवर्षायू घासाचे नाव सर्वतोमुखी आहे तो ‘आर. एल. ८८’ राहुरीचाच. आपले बी अशा केंद्राच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्याचा मूळ धनी कोण, ते कोणत्या कामासाठी दिले आणि पुढे नाव कोणाचे लागेल, याचा लेखी करार अवश्य करावा. माणसे भली असतात. परंतु दस्तऐवज त्यांच्याहून अधिक काळ टिकतो.

समन्वित प्रकल्पात नव्या वाणाची देशातील अनेक केंद्रांवर ‘आर. एल. ८८’, ‘आणंद २’ यांसारख्या प्रस्थापित वाणांशी तुलना होते. घास बहुवर्षायू असल्याने एका हंगामाच्या आकड्यांस अर्थ नसतो. पहिल्या वर्षी सर्वांच्या पुढे असलेला ताटवा तिसऱ्या वर्षी विरळ झालेला दिसणे ही नित्याची गोष्ट आहे. हिरवे वजन, वाळले वजन, पानांचे खोडाशी प्रमाण, प्रथिने आणि प्रत्येक रोगाचे शेकडा प्रमाण, असा सारा हिशेब पुढे ठेवून वाण सरस ठरले तर त्याची शिफारस होते. आणि १९६६ च्या बियाणे अधिनियमाच्या कलम ५ अन्वये केंद्र सरकार राजपत्रात ते अधिसूचित करते. हा जाहीरनामा निघाल्यावाचून कोणत्याही वाणाचे बियाणे ‘प्रमाणित’ होऊ शकत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ज्यांस इतका लांबचा मार्ग धरावयाचा नाही त्यांनी २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाचे कलम ३९ वाचावे. शेतकऱ्याने आपल्या शेतातील बी राखावे, पुन्हा पेरावे, देवघेव करावे, विकावेदेखील, मात्र व्यापारी नाममुद्रा लावून विकू नये, असा अधिकार त्यात सांगितलेला आहे. आणि शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची नोंदणीही त्याच कायद्यात आहे.

वाण अधिसूचित झाल्यावर प्रमाणीकरणाचे काम अकोल्याच्या महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे येते. देशातील पहिली अधिकृत प्रमाणीकरण यंत्रणा १९७० साली महाराष्ट्रानेच उभारली, ही आपल्या अभिमानाची बाब आहे. बीजोत्पादकाने हंगामापूर्वी नोंदणीचा अर्ज करावा व सोबत मूळ बियाण्याची पावती आणि पिशवीवरील खूणचिठ्ठी जोडावी. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी आणि प्रमाणित बियाण्याची निळी असते. हिरवी चिठ्ठी ‘सत्यप्रत’ बियाण्याची असून त्यात उत्पादकाचा स्वतःचा शब्द असतो, यंत्रणेचा दाखला नसतो. चिठ्ठी हरवली की मूळ सिद्ध करता येत नाही. ती सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकीच जपावी.

सर्वांत कठीण अट विलगतेची. पायाभूत बियाण्याच्या शेताभोवती ४०० मीटर आणि प्रमाणित बियाण्याच्या शेताभोवती १०० मीटर अंतरात दुसऱ्या घासाचे फूल असता कामा नये. ज्या गावात प्रत्येकाचे वावर दोन-अडीच एकरांचे आणि प्रत्येकाच्या विहिरीवर घास, तेथे हे कसे साधावे? माझा अनुभव असा की भांडणाऐवजी बोलण्याने साधते. बी केवळ फेब्रुवारीपासून मेपर्यंतच धरावयाचे असते. तेवढ्या मुदतीत शेजाऱ्यांनी आपला घास कळी येताच कापावा, आणि तसाही चारा त्याच वेळी सर्वांत सकस असतो. दोन लिटर मध आणि थोडे पायाभूत बी एवढ्या मोबदल्यावर मी पाच शेजाऱ्यांची संमती मिळवली होती. मात्र अंतर मोजून घ्यावे, नजरअंदाजाने सोडू नये.

फेब्रुवारीत शेवटची कापणी झाली की पाणी बेताने द्यावे. पाणी अधिक झाले तर पालाच वाढतो व फुले झडतात. मार्चमध्ये फुलोरा येतो. येथे मधमाशीची एक खोड ठाऊक असावी : उसळणाऱ्या दांडीचा मार दोन-चार वेळा बसला की पाळीव माशी शहाणी होते आणि पाकळीच्या बाजूने सोंड घालून, फूल न उसळवताच, मध घेऊन जाते. पाने कातरून घरटे करणाऱ्या रानमाश्या या कामी अधिक उपयोगी. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानास गोल कातर दिसली तर ती त्यांची खूण समजावी आणि त्या दिवसांत आसपास कीटकनाशक मारू नये. यंत्रणेचा निरीक्षक निदान दोनदा शेत पाहतो. त्याच्या येण्याआधी आपण स्वतः ओळीओळीने फिरून निराळ्या ठेवणीची झाडे, आणि मुख्यतः अमरवेल, समूळ काढावी.

अमरवेलीविषयी थांबून बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी घाईच्या वेळी मी एका दुकानातून सुटे, चिठ्ठी नसलेले बी घेतले. उगवण उत्तम झाली. आणि सव्वा महिन्याने शेताच्या मध्यभागी पिवळ्या दोऱ्यांचे एक जाळे दिसले, ना पान ना मूळ. दुसऱ्या कापणीपर्यंत ते अर्ध्या गुंठ्यावर पसरले. तेवढा घास कापून, जागीच जाळून, जमीन उकरूनही पुढल्या साली ती पुन्हा आली. त्यानंतर मी बी निळ्या काचेवर पसरून पाहावयास शिकलो : घासाचा दाणा पिवळसर, गुळगुळीत, मूत्रपिंडाच्या आकाराचा, अमरवेलीचा त्याहून लहान, वाटोळा, खरखरीत आणि मातकट. घासाच्या एका किलोत सुमारे पाच लाख दाणे असतात, आणि प्रमाणित बियाण्यात अमरवेलीचे दाणे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच चालतात.

मे महिन्यात शेंगांची वेटोळी दोन-तृतीयांश तपकिरी झाली की पहाटे, दव असतानाच, कापणी करावी. उन्हात शेंग फुटून बी भुईस जाते. एकरी क्विंटलभर बी पडले तरी समाधान मानावे. मग मळणी, बीज प्रक्रिया केंद्रात सफाई, आणि नमुना प्रयोगशाळेत. शुद्धता शेकडा ९८, उगवण कठीण कवचाचे दाणे धरून ८० आणि ओलावा १० पर्यंत, या अटी पुऱ्या झाल्या म्हणजे यंत्रणेची निळी चिठ्ठी व मोहोर पिशवीस लागते, आणि तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने तो दाखला चालतो. त्यानंतर मुदत वाढवावयाची तर फेरतपासणी करावी लागते.

पिशव्या शिवण्यापूर्वी त्या खेपेतील पावशेर बी कोरड्या बाटलीत घालून, वर वाणाचे नाव, खेपेचा क्रमांक व तारीख लिहून, आपल्यापाशी राखून ठेवावे. पुढच्या पौषात एखादा गिऱ्हाईक रोगट पान घेऊन दाराशी उभा राहिला, तर त्याचे पान आणि आपली बाटली शेजारी ठेवून, तासात पेरून, त्याच्यासमक्ष रोपे मोजावीत.